आमच्या गावचं संगणक मंडळ: कामं, उपद्व्याप आणि हसणं

खाजणकाठ

मालवण तालुक्यातल्या आमच्या गावात एक संगणक मंडळ चालतं. त्याबद्दल इथे लिहायचं केव्हापासून मनात होतं. नोंदणी नाही, अध्यक्ष नाही, वर्गणी ज्याला जमेल तशी. रविवारी संध्याकाळी ग्रंथालयाच्या माडीवर जमायचं, ज्याची जी अडचण असेल ती टेबलावर ठेवायची आणि सगळ्यांनी मिळून तिच्या मागे लागायचं. निवृत्त गुरुजी येतात, कॉलेजातली मुलं येतात, न्याहारी-निवास चालवणाऱ्या काकी येतात, ट्रॉलरवरचे दोन तांडेल (नौकेचे म्होरके) येतात आणि पंचक्रोशीत वायरिंगची कामं करणारा एक दादा येतो. तो दादा नसता तर मंडळ पहिल्या पावसातच आटोपलं असतं.

आमचा खरा हंगाम पावसाळा. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना मासेमारी बंद असते, होड्या वर ओढून झाकून ठेवलेल्या असतात आणि माणसांना सवड असते. माडीवर बसायला जागा पुरत नाही. कोणाला डिझेल-बर्फाच्या हिशोबाची शीट करून हवी असते, कोणाला जीपीएसवरच्या खुणा वहीत उतरवून ठेवायच्या असतात. हैदराबादची इन्कॉइस ही संस्था उपग्रहावरून समुद्राच्या पृष्ठभागाचं तापमान आणि हरितद्रव्य बघून मासळी कुठे मिळण्याचा संभव आहे ते कळवते. त्यातले अक्षांश-रेखांश फोनच्या नकाशावर कसे टाकायचे, हा आमच्याकडचा सर्वांत गाजलेला धडा. संदेशात अंश आणि मिनिटं असतात, फोनला बऱ्याचदा दशांश लागतो. १६ अंश ३० मिनिटं म्हणजे १६.५, पण नवीन माणूस हमखास १६.३० टाकतो. फरक पडतो बारा सागरी मैलांचा. कॉलेजातल्या एका मुलाने फळ्यावर तसं लिहिलं तेव्हा तांडेलकाका म्हणाले, "मेल्या, विजयदुर्गाकडचो मासो तू आचऱ्याकडे शोधतंस. तो काय तुझी वाट बघीत बसतलो?" त्या दिवसापासून साठाने भागायला कोणी विसरलेलं नाही.

आता आमच्या गाऱ्हाण्याबद्दल, म्हणजे देवाला घालायच्या साकड्याबद्दल. बंद पडलेला जुना संगणक दुरुस्त करून पहिल्यांदा चालू करायचा असला की बटणाला हात लावण्याआधी गुरुजी उभे राहतात. सगळे हात जोडतात. अगदी देवळात घालावं तसं गाऱ्हाणं होतं:

"बा देवा म्हाराजा! आज ह्या सगळ्या लेकरांनी मिळान ह्यो जुनो संगणक उघडल्यानी हा." "व्हय म्हाराजा!"
"ह्येच्या रॅमीक जो काय गंज चढलो आसात, तो निघान जांवदे." "व्हय म्हाराजा!"
"मध्येच लाईट गेली तर सेव्ह केल्याशिवाय जांव नको." "व्हय म्हाराजा!"
"कोणी वायट-वाकडा पेनड्राईव्हातसून धाडल्यान आसात, तर तेचा तेका परत कर." "व्हय म्हाराजा!"
"आणि जो पासवर्ड इसारलो आसात, तेका तो आजच्या आज आठवांदे." "व्हय म्हाराजाऽऽ!"

मग बटण. चालू झाला तर टाळ्या, नाही झाला तर गुरुजी शांतपणे म्हणतात, "देव ऐकता, पण एसएमपीएस ऐकूक व्हयो ना." (एसएमपीएस म्हणजे संगणकाला वीज पुरवणारा डबा.)

तुमच्या गावात असं काही चालतं का? काय काय करता, कुठे अडतं, कोण हसवतं, सगळं लिहा.

तिठ्यावरचा

गुहागर. आमच्याकडे मंडळ नाही, पण वाचून करावंसं वाटायला लागलंय. एकच शंका. पावसाळ्यात आमच्या घरचा संगणक हमखास बंद पडतो आणि गणपती झाले की आपोआप चालू होतो. दुकानदार दर वेळी मदरबोर्ड बदला म्हणतो.

खाजणकाठ

तिठ्यावरचा, मदरबोर्ड बदलू नका. आधी रॅम, म्हणजे स्मृतीचं कार्ड, काढून बघा. खाऱ्या हवेने आणि दमटपणाने रॅमच्या सोनेरी पट्ट्यांवर थर चढतो. कधी नुसता काळपट असतो, कधी हिरवा. आमच्या टेबलावरचं पहिलं हत्यार म्हणजे शाळकरी मुलांचं पांढरं खोडरबर. वीज पूर्ण काढायची, पट्ट्या हलक्या हाताने दोन्ही बाजूंनी पुसायच्या, रबराचे कण ब्रशने झाडायचे, रॅम परत घट्ट बसवायची. मंडळात "मेलेले" म्हणून आलेले बरेच संगणक एवढ्यावरच उठून बसले आहेत. पावसाळ्यात संगणक महिनाभर न वापरता झाकून ठेवू नका. रोज थोडा वेळ चालू ठेवला की आतल्या उष्णतेने ओल टिकत नाही. प्लास्टिकचं कव्हर तर मुळीच नको, आत दव धरतं.

दुसरं कारण म्हणजे जीवजंतू. आमच्याकडे आलेल्या एका संगणकाच्या मागच्या यूएसबी खाचांमध्ये कुंभारीण माशीने मातीची घरं बांधली होती. एक नव्हे, चारही खाचा लिंपलेल्या, वरून अगदी गुळगुळीत. तीन खाचा टाचणीने कोरून काढल्या. चौथीत अळी जिवंत होती, म्हणून माशी बाहेर उडून जाईपर्यंत काकींनी ती खाच उघडू दिली नाही. त्यावर चिठ्ठी चिकटवली होती, "इथे भाडेकरू आहे". महिन्याभराने माशी गेली आणि खाच मोकळी झाली.

अमेरिकेतही हे होऊन गेलेलं आहे. ९ सप्टेंबर १९४७ रोजी हार्वर्डच्या मार्क-२ या संगणकाच्या रिलेत (विजेच्या खटक्यात) पतंग अडकला होता, तो तिथल्या लोकांनी नोंदवहीत चिकटवून ठेवला. ती वही आज स्मिथसोनियन संग्रहालयात आहे. आम्हीही वही घातली आहे. त्यात मुंग्या, पालीचं अंडं, झुरळ आणि कुंभारणीच्या घराची ढेपळं आहेत, प्रत्येकासमोर तारीख आणि संगणकाच्या मालकाची सही.

तिठ्यावरचा

खोडरबर! चालू झाला!! बायकोने आत्ताच चहा टाकलाय आणि विचारतेय, दुकानदाराला काय सांगू.

पाऊणपट

आम्ही वेंगुर्ल्याजवळचे. आमचं मंडळ लहान आहे, पण आमची एक शीट आता किनाऱ्यावरच्या बऱ्याच फोनांत पोचली आहे. तिची गोष्ट सांगतो.

मुलांना स्प्रेडशीट शिकवायचं होतं. पगारपत्रक, मार्कलिस्ट असले नमुने घेतले की मुलं जांभया देतात. म्हणून ठरवलं, भरती-ओहोटीची वेळ काढू. रापणीवरच्या (किनाऱ्यावरून ओढायच्या मोठ्या जाळ्यावरच्या) एका आजोबांना बोलावलं. त्यांनी सगळ्या किनाऱ्याला ठाऊक असलेला हिशोब सांगितला: तिथीची पाऊणपट करा, तेवढ्या वाजता पुरी भरती. पंचमीला पावणेचार, दशमीला साडेसात. तिथून सहा तासांनी सुकती (ओहोटी) पुरी. मुलांनी एका स्तंभात तिथी घातली, दुसऱ्यात ०.७५ ने गुणलं, झाली शीट.

अकरावीतल्या एका मुलीला मात्र चैन पडेना. तिने आलेख काढला आणि दाखवलं की पौर्णिमेला भरती सव्वाअकराला येते आणि दुसऱ्या दिवशी प्रतिपदेला एकदम पाऊण वाजता. म्हणजे एका दिवसात दीड तासाची उडी, बाकी दिवशी पाऊणच तास. समुद्र असा उडी मारेल का? मग ती स्वतःच हिशोबाला बसली. अमावास्येपासून अमावास्येपर्यंत भरतीची वेळ घड्याळाची चोवीस तासांची फेरी पुरी करते. तिथ्या तीस. १४४० मिनिटं भागिले ३०, म्हणजे तिथीला ४८ मिनिटं. पाऊण तास म्हणजे ४५. रोज तीन मिनिटं मागे पडतात, पंधरा तिथ्यांत ती ४५ मिनिटं होतात आणि प्रतिपदेला सगळी एकदम वसूल होतात. गुणक ०.७५ ऐवजी ०.८ घेतला की उडी नाहीशी होते. पंचमीला चार, दशमीला आठ, पौर्णिमेला बारा.

आजोबांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "बरोबर हा तुझा. पण माका काळोखात, होडयेत उभ्यान, वल्हा हातात धरून आठ दशांश गुणूक येवचा नाय. पाऊणकी येता. आणि तीन मिन्टांत माजी रापण काय सुकत नाय." सगळी माडी हसली, ती मुलगी सगळ्यात जास्त. शीटमध्ये आता दोन्ही स्तंभ आहेत: एकाला नाव "आजोबा", दुसऱ्याला "नात".

पुढे आणखी दोन गोष्टी कळल्या. एक, आपल्या किनाऱ्यावर भरती दक्षिणेकडून वर सरकते, त्यामुळे आमच्याकडे ती मुंबईच्या आधी लागते. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या कोष्टकांत मुंबईच्या आणि गोव्यातल्या मुरगावच्या वेळा मिळतात. आम्ही मुरगावशी ताडून आमच्या खाडीपुरती एक कायमची वजाबाकी शीटमध्ये घातली. दोन, तिथी तारखेवरून मोजून चालत नाही. क्षयतिथी येते (एक तिथी गळते), वृद्धितिथी येते (एक तिथी दोनदा येते). तिथीचा स्तंभ कॅलेंडर बघून हातानेच भरायचा. वारा, पावसाचं खाडीत उतरणारं पाणी, या सगळ्याने वेळ पुढेमागे होतेच, म्हणून शीटच्या डोक्यावर ठळक लिहिलंय की होडी बाहेर काढताना बंदरावरची सूचना आणि वडीलधारी माणसं यांचंच ऐकायचं.

घाटावरची सून

पाऊणपट, मी मूळची कोल्हापूरकडची, लग्न करून देवगडात आले. सासरे अंगणात उभे राहून "आज भांगाचं पाणी, तिसऱ्या मिळायच्या नाहीत" म्हणायचे आणि मला काही कळायचं नाही. तुमचं वाचून मी पण शीट केली. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपासच्या तिथ्यांना उधाण म्हणून लाल रंग, अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे भरती-ओहोटीत फरक कमी, म्हणून निळा. सासऱ्यांना दाखवली. त्यांनी चष्मा लावून खालपासून वरपर्यंत बघितली आणि म्हणाले, "ह्येचा प्रिंट काढ आणि पडवीत लाव. शेजाऱ्यांका सांग, सुनेन केल्यान."

पाऊणपट

ताई, हे वाचून त्या मुलीला फोन केला. ती ओरडलीच.

वेंगुर्ल्याची काकी

पाऊणपट आमच्याच मंडळातला. त्याने शीटबद्दल लिहिलं, आमच्या नाटकाबद्दल लिहिलं नाही, म्हणून मी लिहिते.

फोनवरच्या फसवणुकीबद्दल व्याख्यान ठेवलं तर कोणी येत नाही. म्हणून आम्ही बायकांनी नाटुकलं बसवलं. दशावतारात असतं तसंच, संवाद लिहिलेला नाही, प्रसंग तेवढा ठरलेला. मी झाले चोर. मी फोनवरून म्हणते, "आज्ये, तुमचं बिल भरलेलं नाही, आज रात्री साडेनऊला लाईट तोडणार, ही लिंक दाबा." समोर आजी झालेली आमची शेजारीण. ती म्हणते, "तोडा बापडे. पावसात साडेनवाक लाईट असता खंय, ती तोडतलास?" लोक इतके हसले की पुढचा संवाद ऐकू जाईना. दुसऱ्या प्रवेशात मी व्हिडिओ कॉलवरचा खोटा पोलीस झाले आणि डिजिटल अटक केली. आजी म्हणते, "अटक करतंस ता कर, पण आधी जेवलंस काय?" आणि मग एकदम गंभीर होऊन प्रेक्षकांकडे वळते आणि सांगते: फोनवरून अटक करायची तरतूद कुठल्याच कायद्यात नाही, ओटीपी लेकालाही सांगायचा नाही आणि पैसे गेलेच तर रडत बसायचं नाही, तिथल्या तिथे १९३० फिरवायचा. जितक्या लवकर फिरवाल तितके पैसे वाटेत अडवले जायची शक्यता जास्त.

नाटक झालं की पासवर्डचा वर्ग. तिथे भलतंच बाहेर आलं. निम्म्या वाडीचे पासवर्ड म्हणजे स्वतःच्या होडीचं नाव आणि पुढे नोंदणी क्रमांक. तो तर होडीच्या नाळेवर (पुढच्या टोकावर) हातभर मोठ्या अक्षरांत रंगवलेला असतो, किनाऱ्यावरून जाणारा कोणीही वाचू शकतो! त्याच संध्याकाळी सगळ्यांनी बदलले. आता आम्ही सांगतो, एकमेकांशी संबंध नसलेले चार शब्द घ्या. एका मावशीने लगेच उदाहरण दिलं आणि ते इतकं छान होतं की तिला तोच पासवर्ड आता वापरता येणार नाही.

आडवाट

सगळं वाचतोय, आनंद होतोय. पण एक मनापासून सांगतो. आमच्या कुडाळकडच्या मंडळाचं दोन वर्षांत फॉर्म भरायचं केंद्र झालं. सातबारा काढून द्या, ई-पीक पाहणी (शेतातल्या पिकाची फोनवरून नोंद) करून द्या, शिष्यवृत्तीचा अर्ज भरून द्या. मुलांना शिकायला, काही नवीन करून बघायला वेळच उरेना आणि हळूहळू ती यायची बंद झाली. मंडळाने ही कामं घेऊच नयेत, अशा मताचा मी झालो आहे. त्यासाठी वेगळी केंद्रं आहेत.

खाजणकाठ

आडवाट, तुमचा मुद्दा खरा आहे. आमच्याकडेही यावर मोठा वाद झाला होता. शेवटी ठरलं की फॉर्म भरून द्यायचा नाही, शेजारी बसायचं. बोट त्याचं, फोन त्याचा. ई-पीक पाहणीत तर शेतकऱ्याने स्वतःच्या बांधावर उभं राहून फोटो काढायचा असतो, माडीवर बसून तो होतच नाही. म्हणून मुलं बागेत जातात. एका खेपेत तीन-चार शेजारी बागायतदार शिकतात आणि पुढच्या हंगामात तेच इतरांना दाखवतात.

वेंगुर्ल्याची काकी

बोट त्याचं म्हणता, पण ज्याचं बोटच उमटत नाही त्याचं काय? जांभ्याच्या खाणीवर, जाळ्यावर, काजूच्या कारखान्यात जन्म गेलेल्या माणसांचे ठसे झिजलेले असतात. यंत्र त्यांना ओळखतच नाही. अशांना शेजारी बसून भागत नाही, हाताला धरूनच न्यावं लागतं.

निवृत्तीवेतनवाल्यांना नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यायचा असतो. २०२१ पासून जीवन प्रमाण या ऑनलाइन दाखल्यासाठी फोनवर चेहरा दाखवूनही तो देता येतो. त्यात डोळे मिचकावायला सांगतात. आमच्याकडे एक आजोबा काही केल्या मिचकावेनात, फोनकडे टक लावून बघत राहिले. शेजारी बसलेल्या आजी म्हणाल्या, "मिचकावतले कशे? लग्नाक पन्नास वर्सां झाली, माज्याकडे बघून कधी मिचकावल्यानी नाय!" आजोबा हसले, हसताना डोळे मिटले आणि दाखला झाला.

आडवाटदादा, ही कामं सोडू नका. दिवस वेगळे करा. आमच्याकडे पहिला रविवार कागदपत्रांचा, बाकीचे मुलांचे.

आडवाट

दिवस वेगळे करायचं सुचलं नव्हतं. मुलांशी बोलतो. आजोबांचं वाचून डोळे भरले आणि हसूही आलं.

रेडिओवाला

रत्नागिरी. मंडळांचा विषय निघालाच आहे तर जुन्या एका मंडळाबद्दल सांगितल्याशिवाय राहवत नाही.

५ मार्च १९७५ रोजी कॅलिफोर्नियात मेन्लो पार्कला गॉर्डन फ्रेंच यांच्या गॅरेजमध्ये होमब्रू कॉम्प्युटर क्लबची पहिली बैठक झाली. निमित्त होतं अल्टेअर ८८०० या घरी जोडायच्या संगणकाचं. त्याला पडदा नाही, कळफलक नाही, पुढे नुसती बटणं आणि दिवे. त्याचं करायचं काय, हे कोणालाच नीट माहीत नव्हतं. त्यांच्यातला स्टीव्ह डॉम्पियर याच्या लक्षात आलं की अल्टेअरजवळ रेडिओ ठेवला की त्याच्या विद्युत लहरींनी खरखर होते. त्याने अशी आज्ञावली रचली की त्या खरखरीतून सूर निघाले. क्लबच्या बैठकीत त्याने रेडिओवर गाणं वाजवून दाखवलं आणि लोक वेडे झाले. मी रेडिओ दुरुस्तीतला माणूस, म्हणून ही गोष्ट मला फार जवळची.

बैठकीची पद्धतही घेण्यासारखी होती. आधी प्रत्येकाने उभं राहून आपल्याकडे काय आहे, आपल्याला काय हवंय ते सांगायचं. मग दुसऱ्या भागात ज्याला जो हवा तो गाठून बसायचं. याच क्लबात स्टीव्ह वॉझ्नियाकने आपला संगणक आणून दाखवला, तोच पुढे ॲपल-१ झाला. बॉस्टन कॉम्प्युटर सोसायटी १९७७ साली सुरू करणारा जोनाथन रोटेनबर्ग तर तेव्हा तेरा वर्षांचा होता. आपल्या गावातल्या सातवी-आठवीतल्या पोरांना "मोठा झालास की ये" असं सांगणाऱ्यांनी हे जरूर लक्षात घ्यावं.

याच क्लबच्या वार्तापत्रात १९७६ साली बिल गेट्स यांचं प्रसिद्ध पत्र छापून आलं. आमचं सॉफ्टवेअर तुम्ही पैसे न देता वाटताय, अशी त्यांची तक्रार होती. हा प्रश्न प्रत्येक मंडळापुढे येतोच. आमच्याकडे चोरीच्या विंडोज घालून द्यायचं आम्ही पूर्ण बंद केलं. विंडोज १० चा पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि जुन्या यंत्रांवर ११ बसत नाही. अशा यंत्रांत आम्ही साधी एसएसडी (वेगवान साठवण डिस्क) घालतो आणि विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही प्रणाली बसवतो. फुकट आहे, कायदेशीर आहे आणि मराठी इनस्क्रिप्ट कळफलक आत असतोच. शाळेला दिलेली यंत्रं त्यावर उत्तम चालतात.

पाणंद

इनस्क्रिप्टचं नाव निघालं म्हणून. आमच्या मंडळाने देवस्थानाची जुनी स्मरणिका युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या संगणकांवर वाचता येणाऱ्या अक्षरपद्धतीत, आणायला घेतली आहे. मूळ फाईल छपाईसाठीच्या जुन्या डीटीपी फाँटमध्ये. तो फाँट नसलेल्या संगणकावर सगळी चिन्हांची खिचडी दिसते. परिवर्तक (फाँट बदलून देणारा प्रोग्राम) वापरला की नव्वद टक्के सुधारतं, पण "किनाऱ्यावर", "वाऱ्याने", "पुजाऱ्यांनी" हे सगळे शब्द मोडून "किनार्यावर", "वार्याने" होतात, कारण युनिकोडमध्ये तो ऱ वेगळं अक्षर आहे आणि परिवर्तकाला ते कळत नाही. आमच्यातल्या एका उत्साही मुलाने सगळीकडे एकदम शोधा-बदला केलं. मग "सूर्योदयाला" जे झालं ते वाचताना पुजारीकाकांना ठसका लागला. आचार्य, कार्य, मर्यादा, सगळेच बिघडले होते. मूळ प्रत ठेवलेली असल्याने नुकसान काही नाही. आता मोडणाऱ्या शब्दांची यादी करून तेवढेच बदलतो. कोणाला यादी हवी असेल तर देतो, आणि तुमच्याकडे असेल तर द्या.

पाऊणपट

यादी हवी. आमच्याकडे "दऱ्या", "न्याहाऱ्या", "कोऱ्या" आहेत. "दर्या" मात्र यादीत घालू नका, तो तसाच हवा!

घाटावरची सून

नकाशाचं काम कोणी करतं का? मला ओपनस्ट्रीटमॅप या लोकांनी मिळून केलेल्या खुल्या नकाशावर आमची वाडी टाकायची आहे. मोठा रस्ता आहे, पण साकव, पाणंदी, विहिरी काहीच नाही.

पाणंद

करतो की. सगळ्यात आनंदाचं काम तेच. मुलांना वाडीत पाठवायचं, म्हाताऱ्यांकडून व्हाळाची (ओढ्याची), खिंडीची नावं विचारून आणायची. प्रत्यक्षात जे आहे तेच टाकायचं, हा तिथला मुख्य नियम. एका मुलाने एका घरासमोर "कुत्रा चावतो" अशी खूण टाकली होती. ती काढायला लावली, पण पोस्टमनकाका म्हणाले, माझ्यासाठी कागदावर तरी राहू दे.

एक काळजी घ्या. कातळावरची खोदचित्रं सापडली तर नेमकी जागा लगेच उघड करू नका. कोकणातली कातळशिल्पं २०२२ पासून युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत आहेत, पण बऱ्याच सड्यांवर (कातळाच्या पठारांवर) राखण कोणाचीच नाही. गाड्या चढतात, लोक खडूने गिरवतात. आधी जाणकारांना कळवा.

सुपारीची बाग

श्रीवर्धन तालुका. पहिल्यांदाच लिहितोय. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आमच्यावरूनच गेलं. वडिलांची, काकांची बाग भुईसपाट झाली. पंचनाम्याला किती झाडं होती ते सांगायचं, तर आधीचा एक फोटो कोणाकडे नाही. जे होते ते भिजलेल्या फोनांत गेले. तेव्हापासून मला वाटतंय की आमच्याकडे कोणीतरी हे शिकवायला हवं, फोटो कुठे ठेवायचे, कागद कसे जपायचे. ग्रंथालयाच्या कार्यवाहांना आज विचारलं, ते शनिवारी खोली द्यायला तयार आहेत. दोन जुने संगणक आहेत. सुरुवात कशाने करू?

खाजणकाठ

सुपारीची बाग, सुरुवात वायरमनने करा. खरंच. आमच्या दादाने पहिल्या दिवशी मल्टीमीटर लावून न्यूट्रल आणि अर्थिंगमधला दाब मोजला, तो दोन-तीन व्होल्टच्या आत हवा, आमचा बराच वर होता. जांभ्याच्या कातळात अर्थिंग धरत नाही, उन्हाळ्यात तर मुळीच नाही. खड्डा खोल, त्यात कोळसा आणि मिठाचे थर, वर पाणी ओतायला पाइप. मे महिन्यात त्यात रोज बादलीभर पाणी. वळवाच्या आणि परतीच्या पावसात गडगडायला लागलं की नुसतं बटण बंद करून उपयोग नाही, पिन उपसून काढायची. फायबरमधून वीज येत नाही, पण राऊटरच्या अडॅप्टरमधून येते, म्हणून तोही काढायचा.

मग पहिला वर्ग तुमच्या मनात आहे तोच घ्या. बागेचे फोटो: चारी कोपऱ्यांतून, स्थान चालू ठेवून, दर वर्षी एकदा. एक प्रत फोनवर, एक मंडळाच्या डिस्कवर, एक मुंबईतल्या नातेवाइकाकडे किंवा क्लाउडवर. सातबारा, आधार, बँकेचं पहिलं पान हेही त्यातच. तौक्ते वादळाच्या वेळी, मे २०२१ मध्ये, आमच्याकडे कित्येक दिवस वीज नव्हती, पण ज्यांचे कागद बाहेरगावी कोणाकडे होते त्यांची कामं अडली नाहीत.

रेडिओवाला

श्रीवर्धनला माझं वर्षातून एकदा येणं होतं, मेहुणे तिथेच. एक चांगला यूपीएस पडून आहे, बॅटरी तेवढी नवी टाकायची. घेऊन येतो.

वेंगुर्ल्याची काकी

सुपारीच्या बागेला आमचं नाटुकलं हवं असेल तर सांगा. फोनवरून प्रसंग सांगते, चोर मात्र गावातलाच घ्या, सगळ्यांना ओळखीचा असला की जास्त रंगतं.

सुपारीची बाग

काकी, चोर ठरला. ग्रामपंचायतीतले शिपाईकाका, त्यांचा आवाज भारदस्त आहे आणि ते स्वतःहून तयार झालेत. वायरमन गुरुवारी येतोय. खाजणकाठ, खड्ड्याला कोळसा लाकडी चालतो ना? आमच्याकडे तोच मिळतो.

खाजणकाठ

लाकडीच. बारीक करून घाला आणि थर दाबत जा. दादाचा नंबर निरोपात पाठवलाय, गुरुवारी तुमच्या वायरमनला त्याच्याशी थेट बोलू दे.